मुठीचं माप

आमच्या मुरुडला समुद्र नाही. हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा म्हटलंय की आता माझी ओळख करून देताना नावाच्या आधी तेच तोंडात येतं. पुण्याला कुणी गाव विचारलं आणि मी ‘मुरुड’ म्हणालो की समोरच्याच्या डोळ्यांत नारळाची झाडं हलायला लागतात. पाठोपाठ जंजिरा येतो, जंजिऱ्यावरची कलाल बांगडी तोफ येते आणि शेवटी ‘मग काय, मासे ताजे!’ हे येतंच. आमचं मुरुड लातूर तालुक्यातलं, लातूर-बार्शी रस्त्यावरचं. २०१६च्या एप्रिलात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पाणी आणावं लागलं, त्या लातूरच्या शेजारचं. समुद्र बघायचा तर आम्हाला रात्रभर एसटीत बसावं लागतं, आणि पोचल्यावर आमची माणसं पहिला प्रश्न विचारतात, ‘एवढं पाणी, पर उपसा का न्हाई?’

हे सगळं सांगायचं कारण, माझ्या भाचीचं एक पुडकं त्या मुरुडला गेलं.

भाची पुण्यात शिकते आणि बालेवाडीच्या रेंजवर १० मीटर एअर पिस्तूल मारते. नेमबाजी म्हटलं की महाराष्ट्रात एकच जिल्हा डोळ्यांपुढे येतो. २०१० साली म्युनिकला जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंत कोल्हापूरची, २०१८च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलाचं सुवर्ण आणणारी राही सरनोबत कोल्हापूरची आणि २०२४ला पॅरिसहून ब्राँझ घेऊन आलेला स्वप्नील कुसाळे राधानगरीकडचा, म्हणजे तोही कोल्हापूरचाच. आमच्या जिल्ह्याचा नेम वेगळा आहे. आम्ही मेडिकलच्या जागेवर नेम धरतो. बारावीच्या पोराला लातुरात खोली करून द्यायची आणि दोन वर्षं श्वास रोखून धरायचा, हा आमचा पॅटर्न. त्यामुळे बहिणीची पोरगी ‘नेमबाजी करते’ हे कळल्यावर आमच्या गल्लीतल्या एकाने मला विचारलं होतं, ‘किती मार्क असतेत त्याला?’

तर दिवाळीच्या सुट्टीत भाची आजोळी आली ती एक काळी कडक पेटी घेऊन. आईला वाटलं नटण्याचं सामान असेल. पेटी ओसरीवर उघडली आणि आतून निघालं पिस्तूल. साधंसुधं नाही; अक्रोडाच्या लाकडाची एवढी मोठी मूठ, त्यावर नुसतीच एक नळी, आणि नळीखाली हवेचं नळकांडं. सिनेमातलं पिस्तूल म्हणजे नळीला लावलेली मूठ असते. हे मुठीला लावलेलं पिस्तूल होतं.

सकाळी दहाला पेटी उघडली. अकराला ‘मास्तरच्या घरी पिस्तूल आलंय’ ही बातमी बसस्टँडवर पोचली. दुपारपर्यंत त्याचं अनेकवचन झालं. आणि संध्याकाळी, दोन वर्षांपूर्वी माझ्याकडून तीन हजार रुपये उसने नेलेला एक गृहस्थ स्वतःहून घरी आला, पैसे मोजून ठेवले, चहासुद्धा घेतला नाही आणि ‘मास्तर, गैरसमज नको’ म्हणून निघून गेला. मी खुलासा केला नाही. शिक्षकाच्या नोकरीत असे दिवस फार येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी ओळखीचे एक जमादार ‘सहज’ आले. भाचीने त्यांना समजावून सांगितलं की हे फक्त हवेवर चालतं, ४.५ मिलिमीटरचा छर्रा मारतं आणि २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे एवढ्या नळीच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या जोराच्या हवाई हत्याराला परवाना लागत नाही. जमादारांनी सगळं ऐकून घेतलं, मोकळ्या पिस्तुलाची मूठ हातात धरून बघितली आणि म्हणाले, ‘अंगठ्याला टोचायलंय की हे.’

तिथून सगळी कथा सुरू झाली.

कारण टोचत होतंच. पिस्तूल होतं जुनं, म्हणजे रेंजवरच्या एका सहा फुटी मुलाकडून घेतलेलं. त्याची मूठ त्या मुलाच्या पंजाची, आणि भाचीचा पंजा आमच्या घराण्यातला, म्हणजे भाकरी थापली तर ताटाच्या मध्यातच राहील एवढा. तिने मूठ धरली की तळव्याखाली पोकळी राही, करंगळी अधांतरी लोंबे आणि चापावर बोटाचं पेर यायच्या जागी नुसतं टोक टेके. मापाप्रमाणे नवी मूठ परदेशातून मागवता येते, पण किंमत ऐकून आई म्हणाली, ‘त्यापरीस नवा हात बसवून घी.’

मी विचारलं, ‘थोडी सैल असली तर काय बिघडतं? माझी चप्पल पण सैल आहे.’ त्यावर भाचीने मला गणित घातलं. मी गणिताचा मास्तर, तरी घातलं. पिस्तुलाच्या मागच्या खाचेत आणि पुढच्या माशीत साधारण तीस-बत्तीस सेंटिमीटरचं अंतर. तिथे मिलिमीटरभर चूक झाली तर १० मीटरवर ती ३० मिलिमीटरच्या वर जाते. निशाण्यातला दहाचा गोल साडेअकरा मिलिमीटरचा, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. पुढचं प्रत्येक कडं आठ-आठ मिलिमीटर रुंद. म्हणजे मुठीत केसभर हललं की दहाचे सात. आणि असे ६० छर्रे, ७५ मिनिटांत, एकाच हाताने. दुसरा हात खिशात. पॅरिसला २०२४मध्ये तुर्कस्तानचा युसूफ दिकेच खिशात हात घालून रौप्यपदक घेऊन गेला तेव्हा सगळ्या जगाला त्याची ऐट वाटली होती. भाची म्हणते ऐट कसली, मोकळा हात कुठे तरी ठेवायला तर हवा. हे मला एकदम पटलं. वर्गावर जाताना मलाही आयुष्यभर हाच प्रश्न पडत आलाय.

तर मूठ हाताला बसवायची. त्याची रीत जगभर एकच आहे. जिथे टोचतं तिथे कानशीने घासायचं, जिथे पोकळी आहे तिथे लाकडाची लुगदी भरायची, आणि हे बोटाबोटाने, दिवसेंदिवस. मोठमोठे नेमबाजसुद्धा हेच करतात. लाखांच्या पिस्तुलावर कानस फिरवतात आणि देखणी मूठ वारुळासारखी करून टाकतात. भाचीने त्यासाठी खास लुगदी मागवली, पत्ता मामाचा दिला, आणि पुडकं गेलं समुद्राकाठी. आमच्या फोनवर ‘डिलिव्हरीसाठी निघाले आहे’ असा निरोप आला तेव्हा ते बहुतेक किनाऱ्यावर घोडागाडीत बसून फिरत असावं. चार दिवस ते तिथेच राहिलं. सुट्टीत सगळेच कोकणात जातात.

मग मी म्हणालो, एम-सील आणू.

एम-सील हे आमच्याकडचं एक शास्त्र आहे. गळकी टाकी, तडकलेला माठ, मोटरसायकलची टाकी, देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाचा तुटलेला हात, सगळं एम-सीलने बसतं. पुडीत दोन कांड्या असतात, त्या एकत्र मळायच्या, रंग एक झाला की लावायचं, तासाभरात घट्ट. मळायचं काम आईने घेतलं. ‘भाकरीच्या पिठापरीस चिकट हाय’ असा शेरा मारून तिने दोन मिनिटांत असा गोळा करून दिला की त्यावर एक सुरकुती नव्हती. तो मुठीवर थापला, वर दुधाची धुतलेली पिशवी पसरली, भाचीच्या हाताला खोबरेल तेल चोपडलं आणि तिला सांगितलं, धर.

आता यातली गोम अशी की नुसतं धरून भागत नाही. नेम धरल्यासारखं धरावं लागतं, कारण हात खाली असताना तळवा वेगळा असतो आणि वर उचलल्यावर वेगळा. म्हणून भाची ओसरीवर आडवी उभी राहिली, उजवा हात अंगणाच्या भिंतीकडे ताठ, डावा खिशात. पिस्तूल मोकळं, नळीत केशरी दोरी घातलेली, म्हणजे आत काही नाही हे कुणालाही दिसावं. पण ती दोरी फक्त जाणत्यांना दिसते. शेजारच्या काकू फराळाचं ताट घेऊन फाटकातून आत आल्या, त्यांना फक्त पोरगी आणि पिस्तूल दिसलं. ताटावरचा रुमाल हलला नाही, पण काकू उलट पावलांनी अशा काही सरकल्या की देवळातून निघताना देवाला पाठ दाखवू नये म्हणून माणूस सरकतो तशा. नंतर अनारसे फाटकाच्या खांबावर ठेवलेले सापडले.

पहिली दहा मिनिटं बरी गेली. मग हात थरथरायला लागला. आजीने नातीच्या कोपराखाली घडवंचीवर उशांची चवड लावली. विसाव्या मिनिटाला नाकाला खाज आली, ती मी खाजवली. चाळिसाव्या मिनिटाला वीज गेली. अंधारात आजी नातीला शंकरपाळे भरवतेय, नातीचा हात भिंतीवर रोखलेला, आणि मी घड्याळावर मोबाइलचा उजेड धरून उभा. हे दृश्य कुणी रस्त्यावरून पाहिलं असेल तर आणखी काही उसने पैसे परत येतील अशी मला आशा होती. आले नाहीत.

तासाने हात सोडवला. पिशवी सोलून काढली तर मुठीवर भाचीच्या तळव्याची रेघन् रेघ उमटली होती. आयुष्यरेषा, भाग्यरेषा सगळं. गल्लीतल्या ज्योतिषाने ती बघून ‘परदेशगमन आहे’ असं सांगितलं. पण एम-सीलला परदेशगमनाचं काय कौतुक? ते घट्ट होताना एका बाजूला थोडं जास्तच फुगलं होतं. तो फुगवटा घासायला मी वट्ट्यावर कानस ठेवली आणि आत चहा घ्यायला गेलो.

मोकळी कानस आणि मोकळा माणूस एकत्र ठेवू नये. आमच्या गल्लीत दिवाळीत मोकळी माणसं पुष्कळ. मी चहा घेऊन येईतो वट्ट्यावर पाच जण जमले होते आणि मूठ हातोहात फिरत होती. (मूठ पिस्तुलापासून काढून ठेवली होती, हे माझं नशीब.) शिंपी म्हणाला, ‘मनगटाला अर्धा इंच दाब सोडा, पुढं अंग भरलं तर उसवाय येतंय.’ तालमीतल्या वस्तादाने धरून बघितली आणि सांगितलं, ‘लई नाजूक हाय, भरा आजून.’ त्याने धरलं की कुठलीही वस्तू नाजूकच वाटते. दवाखान्यात कंपाउंडर असलेल्या शेजाऱ्याने शीर दबतेय असं निदान केलं. आणि बोलताना प्रत्येक जण, सवयीने, जिथे आपल्याला टोचलं तिथे दोन हात कानस मारत होता. हे कुणाच्या लक्षात आलं नाही की मूठ भाचीची आहे. माणसाच्या हातात मूठ आली की ती त्याची होते; बघा ना, झाकली मूठ, वळली मूठ, मूठभर, मुठीत ठेवणं, सगळी आपली भाषा धरणाऱ्याच्या बाजूने. संध्याकाळी मूठ परत मिळाली ती अर्धवट खाल्लेल्या मक्याच्या कणसासारखी. पाच माणसांच्या पाच पंजांना ती थोडी थोडी बसत होती. भाचीला अजिबात नाही.

भाची रडली नाही. ती म्हणाली, ‘मामा, मला उत्तम मामा बनवलंत.’

त्या रात्री जेवताना तिने कारोय ताकाच नावाच्या माणसाची गोष्ट सांगितली. हंगेरीचा फौजी, पिस्तुलाचा पट्टीचा नेमबाज. १९३८ साली सरावात हातबॉम्ब हातातच फुटला आणि उजवा पंजा निकामी झाला. गडी गुपचूप डाव्या हाताने शिकला. १९४८ला लंडनला आणि १९५२ला हेलसिंकीला, दोन ऑलिंपिक सुवर्णं, डाव्या हाताने. गोष्टीचा रोख असा की मुठीचं एवढं कौतुक नको, हात तयार पाहिजे. आईने भाकरी मोडता मोडता विचारलं, ‘डाव्या हातानं? मग जेवत कसा आसंल गं?’ ऑलिंपिकचा इतिहास लिहिणाऱ्यांपैकी कुणाला हा प्रश्न सुचलेला मला माहीत नाही.

सकाळी मी सुतारआप्पांना बोलावून आणलं. आमच्या घरची औतं त्यांच्या वडिलांनी केली, बलुत्याच्या ज्वारीवर. आप्पा आता औतं करत नाहीत, कारण औतंच राहिली नाहीत. चौकटी करतात, तीही प्लायवुडच्या येतात म्हणून कुरकुरत. त्यांनी मूठ बघितली. उलटसुलट बघितली. मग कानशीकडे बघितलं, मग माझ्याकडे. शाळेत पोरांची वही तपासताना मी जसा बघतो तसंच.

‘कुणाच्या हाताची हाय ही?’

‘सगळ्यांच्या,’ मी म्हणालो.

आप्पांनी पहिलं काम कानस उचलून स्वतःच्या पिशवीत टाकण्याचं केलं. मग भाचीला म्हणाले, ‘पोरी, हात दाखीव.’ तिने ज्योतिषाला दाखवतात तसा उताणा धरला. ‘तसा न्हाई. जसा उचलतीस तसा. डोळे झाकून.’ तिने मूठ धरून डोळे झाकून हात उचलला. ‘आता उघड.’ हात भिंतीवरच्या खुणेच्या वीतभर डावीकडे गेला होता. पुन्हा. पुन्हा डावीकडेच. आप्पा म्हणाले, ‘मूठ हिला तिकडं न्ह्याय लागलीय. कुऱ्हाडीचा दांडा बी असाच फिरलेला आसला की घाव लाकडावर न बसता पायावर येतो.’ मला नंतर कळलं की रेंजवर हीच परीक्षा शिकवतात. तिथे तिला इंग्रजीतलं एक लांबलचक नाव आहे. इथे तिला पाय असं नाव आहे.

मग आप्पांनी काव मागवली. दरवाजाच्या चौकटीला सांधा बसवताना सुतार एका तोंडाला काव लावतो आणि दुसऱ्यात ठोकून काढतो. जिथे लाल लागली तिथे लाकूड जास्त आहे, तेवढंच काढायचं. आप्पांनी भाचीचा तळवाच कावेने रंगवला. ती हळदीकुंकवाला आल्यासारखी दिसायला लागली. मूठ धरली, सोडली. चार ठिकाणी गडद लाल ठसे, बाकी कोरं. आप्पा त्या चार ठिकाणी पटाशीने जरासा ओरखडा काढायचे आणि चहा मागवायचे. पुन्हा काव, पुन्हा ठसा, पुन्हा चहा. मी म्हणालो, ‘आप्पा, लवकर नाही का होणार?’ तर म्हणाले, ‘काढल्यालं लाकूड परत लावता येत न्हाई मास्तर. म्हणून आधी चहा पितेत.’ दिवसाकाठी त्यांनी एकूण जेवढं लाकूड काढलं ते चहाच्या एका चमच्यात मावलं असतं. आणि जेवढा चहा घेतला तो तिफणीच्या चाड्यात मावला नसता.

चाडं म्हटल्यावर आई पुढे सरसावली. हे सांगायलाच हवं. चाड्यावर मूठ धरणं म्हणजे पेरणीतलं सगळ्यात अवघड काम. पुढे बैल चालतायत, मागे तिफण, तिच्यावरच्या चाड्यात एका हाताने बी सोडत जायचं. बी मुठीतून सारख्या धारेने सुटलं पाहिजे. घाबरून मूठ आवळली तर तासात बी पडत नाही, सैल सोडली तर दाट पडतं, आणि ते कुणी पेरलं हे पंधरा दिवसांनी उगवल्यावर अख्ख्या शिवाराला दिसतं. आमच्याकडे हे काम पुरुषांचं. पण आमच्या आजोबांच्या हाताला कंप सुटला आणि आईने मूठ घेतली ती ट्रॅक्टर येईपर्यंत सोडली नाही. तिने धरलेल्या ज्वारीचं तास दोरी लावल्यासारखं उगवायचं, असं अजून सांगणारी माणसं गावात आहेत. दोनच आहेत, पण आहेत.

आईने विचारलं, ‘बटन कुटं हाय ह्याचं?’

भाचीने चाप दाखवला. सांगितलं की नियमाप्रमाणे तो किमान पाचशे ग्रॅमचा हवा, म्हणजे अर्ध्या किलोच्या वजनाआधी सुटता कामा नये. आईने मोकळ्या पिस्तुलाचा चाप दोन-तीनदा दाबून बघितला. अर्धा किलो साखरेची पुडी ती हातावर तोलून सांगते, तिला हे नवीन नव्हतं. मग म्हणाली, ‘तू दाबायलीस गं. दाबू नगं. मूठ सारकी ठिव आन् सुटू दे.’

भाची माझ्याकडे बघत राहिली. बालेवाडीचे तिचे सर आठ महिने तिला हेच सांगत होते, इंग्रजीत.

आता माझा स्वतःचा वाटा. सगळ्यांनी काही ना काही केलं, मामाने नुसता चहा पुरवला असं इतिहासात जायला नको होतं. मुठीच्या तळाशी एक फळी असते, पंजा खाली घसरू नये म्हणून. तिच्यावर तळहाताची कड टेकते. आप्पा घरी गेल्यावर उरलेल्या एम-सीलचा मी त्या फळीच्या कडेला एक सुंदर उठाव केला, नावेच्या नाळेसारखा वर वळलेला, की पंजा त्यात पाळण्यात निजल्यासारखा निजावा. प्रेरणा मला जुन्या तलवारींवरून आली. संग्रहालयात आपल्याकडच्या तलवारीची मूठ बघून लोक हळहळतात, केवढा लहान पंजा होता त्या माणसांचा! पंजा लहान नव्हता. मूठ मुद्दाम आवळ होती, खाली वाटी, बाजूला परज, आत बोटांना लागू नये म्हणून गादी. हात एकदा आत गेला की घाव घालतानाही निसटायचा नाही. मी तेच तत्त्व पिस्तुलाला लावलं. पॉलिश पेपर मारून असं चकचकीत केलं की आईने त्यात चेहरा बघितला.

सुट्टी संपली आणि भाची ती मूठ घेऊन स्पर्धेला गेली. स्पर्धेच्या आधी प्रत्येक पिस्तूल तपासतात. एक पेटी असते, ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरची, पिस्तूल तिच्यात मावलं पाहिजे. वजन दीड किलोच्या वर नको. चापाला पाचशे ग्रॅमचं वजन टांगतात. हे सगळं झालं, आणि तपासणाऱ्या बाईंचं बोट माझ्या नाळेवर येऊन थांबलं. नियम असा आहे की हाताला मुठीबाहेर कुठलाही आधार चालत नाही, मनगट मोकळं दिसलं पाहिजे, आणि तळाची फळी मुठीशी काटकोनापेक्षा कमी कोनात नको. कडेने वर वळलेली तर मुळीच नको. भाचीने मला फोन केला. मी म्हणालो, ‘त्यांना सांग, शिवकालीन आहे.’

तिने ते सांगितलं नाही. व्हरांड्यात वर्तमानपत्र पसरून बसली आणि घासून घासून माझा सगळा वाटा पानावर पाडला. आप्पांचं काम जसंच्या तसं राहिलं. मार्क किती, हे गल्लीतल्या त्या गृहस्थाने विचारलंच. सहाशेपैकी पाचशे त्रेचाळीस. त्यांनी मनातल्या मनात टक्के काढले आणि म्हणाले, ‘नव्वद पॉइंट पाच. एखाद्या बऱ्या कॉलेजला लागंल.’

आता राहता राहिली एम-सीलची एक पुडी. माझा हात शिवशिवत होता. आईच्या खुरप्याचा दांडा मला बरेच दिवस डोळ्यांवर येत होता, काळा, एका बाजूला झिजून पार खोलगट झालेला, बाभळीचा. आई येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावास्येच्या तयारीला लागली होती, उंडे, भज्जीच्या भाज्या, आंबिल, तिला कशाचं भान नव्हतं. मी खुरप्याला नवा सागवानी दांडा ठोकला, त्यावर एम-सीलने चार बोटांच्या चार खाचा केल्या, अंगठ्याला बैठक केली, आणि जुना दांडा बंबात घातला. अंघोळीचं पाणी त्या दिवशी लवकर तापलं.

येळवशीला आम्ही सगळे शेतात होतो. पांडवांची पूजा झाली, जेवणं झाली, आणि आईला राहवेना म्हणून ती खुरपं घेऊन हरभऱ्यात बसली. अर्धं तास खुरपून परत आली. खुरपं माझ्यापुढे ठेवलं.

‘हे तुज्या हाताचं हाय,’ ती म्हणाली. ‘माजा दांडा कुटं हाय?’

मी सांगितलं. ती काही बोलली नाही. चाळीस वर्षांचा दांडा होता, तिच्या सासूने दिलेला, म्हणजे त्यातली काही झीज सासूचीसुद्धा होती. आई उठली, विहिरीच्या काठावरच्या दगडावर खुरपं उलटं धरलं आणि माझ्या चार खाचा एकेक करून घासायला लागली. तेव्हापासून रोज संध्याकाळी वट्ट्यावर बसून ती तेच करते. परवा मी विचारलं, आता बसतंय का?

‘बसंल,’ म्हणाली, ‘दोन-तीन पावसाळे जाऊ दे.’